सरकवलेला लिंब

चित्रात झाड हलवायचा हक्क चित्रकाराला असतो, हे मी अंबाजोगाईच्या शाळेत तीस वर्षं पोरांना शिकवलं. विजेचा खांब नको असला तर गाळा, डोंगर आडवा येत असला तर खाली बसवा, तुम्हाला कोण विचारतंय! आणि झाड कधीही कागदाच्या मध्यावर काढू नका. हे शेवटचं तर इतक्या वेळा बोललो की पोरं माझी नक्कल करायची. पण विचारणारं कुणीतरी निघेल, आणि तेही तेलगावकडच्या एका रानात, असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

जलरंग मी उशिरा धरले. आधी दुकानांच्या पाट्या रंगवायचो. तिथं चुकलं की वरून जाड रंग फासायचा, विषय संपला. जलरंगात तसली सोय नाही. रंग पाण्याइतका पातळ, खालचं सगळं वर दिसतं. पहिली दोन वर्षं मी वैतागून नुसते कागद फाडले. मग हळूहळू तेच आवडायला लागलं. जलरंगात काही लपत नाही, म्हणून माझीही लपवाछपवीची सवय सुटली, असं मी चारचौघांत ऐटीत सांगायचो.

तर तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीत त्या रानात बसून मी एक चित्र काढलेलं. दोन भावांची कापसाची शेतं, मधे बांध आणि बांधावर एक कडुलिंब. इकडं त्याला नुसतं लिंबच म्हणतात. चित्राचा उजवा कोपरा रिकामा वाटला, म्हणून मी लिंब उचलला आणि उजवीकडं, धाकट्या भावाच्या रानात नेऊन ठेवला. त्या धाकट्यानं मला बसायला बाज आणून दिली होती, दोनदा चहा पाजला होता. लाजेकाजेनं चित्र त्यालाच देऊन टाकलं. झकास दिसत होतं, खोटं कशाला बोलू!

यंदा एप्रिलात सकाळी सकाळी थोरल्या भावाचा फोन आला. "सर, तुमी काय करून ठिवलं हो?"

झालं होतं असं. दोघांनी दोन्हीकडून नांगरून नांगरून बांध पार संपवलेला. त्या भांडणात दोन वर्षं एकमेकांशी बोलणं बंद. आता धाकट्याला लिंब तोडायचा होता, सावलीत कापूस धरत नाही म्हणून. थोरला म्हणत होता, झाड बांधावरचं हाय, बापानं लावलंय, दोघांचं हाय. तेव्हा धाकट्यानं भिंतीवरचं माझं चित्र काढलं आणि लोकांसमोर आणलं. सरांनी डोळ्यांनी बघून काढलंय, लिंब माझ्याच रानात हाय! झाड कापणारा मशीनवाला दुपारी येणार होता.

मी गाडी काढली आणि तसाच निघालो. रस्ताभर स्वतःला शिव्या घातल्या.

लिंबाखाली गावातली चार-पाच म्हातारी माणसं जमलेली. चित्र बाजेवर, भाऊ बाजेच्या दोन टोकांना. धाकटा म्हणाला, "सांगा सर, ह्ये तुमीच काढलंय का न्हाई?"

"मीच काढलंय. पण झाड मी सरकवलंय."

"सरकवलं? कावून?"

"कोपरा रिकामा दिसत होता."

मग एक म्हातारा इतका हसला की त्याला ठसका लागला. "आरं, आख्खं झाड पल्याड नेलं! तलाठ्यालाबी हे जमलं नसतं!"

धाकटा भडकला. "दादाच्या सांगण्यावरून पलटी मारताय तुमी." मग मीही तापलो. झाड चुकीचं काढलं तेव्हा चहा, आणि खरं बोललो तर पलटी? फ्रेमची काच काढली आणि चित्र उन्हात धरलं. बांधाच्या पिवळ्या रंगाखाली पेन्सिलीच्या पुसट रेघा होत्या. एक खोड, दोन फांद्या. आधी मी झाड होतं तिथंच काढलं होतं, बेत नंतर बदलला. पेन्सिलीवर रंग चढला की ती रेघ खोडरबरानं जात नाही.

धाकट्यानं रेघेवर बोट फिरवलं. "परत काढा," तो म्हणाला. "माझ्यासमोर. हाय तिथं. मग बघू."

रंगांची पेटी गाडीच्या डिकीत कायम असतेच. झाड पुरतं दिसावं म्हणून मी लांब उन्हात जाऊन बसलो. दुपारचे बारा. सावली लिंबाच्या बुडाशी गोळा झालेली, ना ह्याच्या रानात ना त्याच्या. आणि ऊन असलं की ब्रश पाण्यात बुडवेपर्यंत कागद खडखडीत! दोनदा आकाश बिघडलं. "अरे, सावली करा कुणीतरी! ओलं काहीतरी धरा डोक्यावर!" मी ओरडलो.

थोरल्यानं बाजेवरची चादर घागरीतल्या पाण्यानं भिजवून आणली आणि एक टोक धरलं. दुसरं टोक धरायला जवळ धाकटाच होता.

"सर, त्येला म्हणावं जरा वर धर," थोरला म्हणाला.

"सर, त्येला सांगा, मला कळतंय," धाकटा म्हणाला.

मी निरोप पोचवत होतो आणि लिंब काढत होतो, कागदाच्या बरोब्बर मध्यावर, जन्मात पहिल्यांदा. तेवढ्यात चादरीतून टपकन पाणी गळालं आणि माझं आकाश फुटलं.

"आरं, वर धर बे!" थोरला थेट त्याच्यावरच खेकसला.

"धरलंय की दादा!"

मी मान वर केली नाही. डोळे भरून आले होते. शाळेत कुणी असलं चित्र आणलं असतं तर मी काठावर पास केलं असतं, पण त्या दिवशी मला ते लई आवडलं.

फांद्या रंगवत होतो तेव्हा मशीनवाला आला. कुठून सुरू करू, म्हणाला. धाकट्यानं चादर जरा आणखी वर उचलली.

"जा बाबा तू," तो म्हणाला. "आमचे हात मोकळे न्हाईत."