अजून एकच कुलूप

अप्पांचं दुकान म्हणजे ते राहायचे त्याच इमारतीच्या जिन्याखालची एक खोबण होती. आत एक स्टूल, किल्ल्या कापायचं एक यंत्र आणि अप्पा. गिऱ्हाइकानं बाहेर उभं राहायचं. किल्ली हरवली, लॅच अडकलं, कपाट उघडेना, की सगळी गल्ली त्यांच्याकडे यायची. "हातात जादू आहे तुमच्या," असं कुणी म्हणालं की अप्पा म्हणत, "जादू कसली! कुलूप कुरकुरतं, आपण कान द्यायचा." घरोघरच्या बायका त्यांना खुशाल आत घेत, कपाट दाखवत आणि आपल्या कामाला निघून जात. अप्पा आहेत म्हटल्यावर पाठ फिरवायला कुणी कचरत नसे.

साठीच्या आसपास त्यांचा उजवा अंगठा थरथरायला लागला. मग हात. चिमट्यातून कुलपातल्या बारक्या पिना निसटून फरशीवर उड्या मारायच्या आणि अप्पा स्टुलाखाली वाकून त्या शोधत बसायचे. चालताना पाय जमिनीला चिकटल्यासारखे व्हायचे. चेहरा तर असा थिजला की एक दिवस बायको वैतागून म्हणाली, "माझं काय चुकलं ते एकदा सांगून टाका ना. सारखं काय तोंड फुगवून बसायचं!" अप्पा तिची समजूत घालायला हसले. निदान त्यांना तरी आपण हसलो असं वाटलं. ती मात्र तशीच बघत राहिली, तेव्हा अप्पांना पहिल्यांदा भीती वाटली.

मेंदूच्या आजारांच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना बोटं उघडायला-मिटायला लावली, खोलीभर चालवलं आणि म्हणाल्या, "मेंदूत डोपामीन नावाचं एक रसायन असतं. तुमच्याकडे ते कमी पडतंय, म्हणून शरीर अडखळतंय. ही गोळी त्याचं काम करेल. डोस हळूहळू वाढवू."

गोळीनं कमाल केली. डोस वाढत गेला तसा हात शांत झाला, पाय मोकळे झाले, चेहऱ्यावर हसू उमटायला लागलं. बायको आल्या-गेल्याला कौतुकानं सांगायची, "आमचे हे पुन्हा माणसात आले बघा."

कामाचा हुरूपही परत आला. अप्पा जरा लवकर दुकान उघडायला लागले, जरा उशिरा बंद करायला लागले. गिऱ्हाईक नसलं की एखादं जुनं कुलूप घ्यायचे, खोलायचे, पिना ओळीनं मांडायचे, पुन्हा जोडायचे. शेवटची पिन जागेवर बसून टक्क आवाज झाला की अंगावरून मोरपीस फिरल्यासारखं व्हायचं. मग दुसरं कुलूप. मग अजून एक. बायको जेवायला बोलवायची, "आलोच, एवढं एकच," असं अप्पा म्हणायचे आणि ताट निवून जायचं.

इतक्या दिवसांनी हात चालतोय, चालू दे, असं तिला वाटलं. अप्पांनाही तसंच वाटलं.

पण दुकानातली कुलपं संपली. अप्पा भंगारातून पोतंभर कुलपं घेऊन आले, तीही संपली. मग घरचं कपाट, पेटी, न्हाणीघराची कडी. एक दिवस बायको बाजारातून आली तर घराच्या दाराला लॅचच्या जागी एक गोल भोक. त्या भोकातून तिला नवरा दिसला. जमिनीवर मांडी घालून बसलेला, समोर स्प्रिंगा पसरलेल्या.

"अहो, आता काय दाराला बोळा कोंबून झोपायचं का?" ती हसत म्हणाली.

अप्पांनी वर पाहिलंच नाही. तिचं हसणं हळूहळू विरलं.

एक गोष्ट अप्पांनी तिला सांगितली नव्हती. टक्क आवाजानं आता काहीच होत नव्हतं. मोरपीस नाही की समाधान नाही. आवाज यायचा आणि त्याच क्षणी तो विझायचा. ओढ मात्र कमी होण्याऐवजी वाढतच चालली होती. घास चोथ्यासारखा लागावा आणि भूक मात्र वणव्यासारखी भडकावी, तसं. हात आपले आपण पुढच्या कुलपाकडे जायचे, आणि अप्पा त्यांच्या मागून ओढले जायचे.

मग त्यांना दारं दिसायला लागली. जिना चढताना प्रत्येक मजल्यावरचं बंद दार. हे लॅच जुनं आहे, ह्याची तिसरी पिन सैल असणार. बघायचं नाही असं ठरवून ते मान खाली घालून चालायचे, तर बोटं खिशातल्या, कुलूप उघडायच्या हुकाशी खेळत असायची.

त्यांच्या वरच्या मजल्यावर एक नर्स राहायची. ती दिवसाच्या पाळीला गेली की दाराला लॅच लागलेलं असायचं. एके दुपारी बायको बहिणीकडे गेली असताना अप्पा वर गेले, दार उघडलं, लगेच ओढून घेतलं आणि खाली आले. 'काय केलं मी हे? कुणी पाहिलं असतं तर?' त्यांनी घटाघट पाणी प्यायलं, मनाशी कान पकडले. आणि पाणी पिऊन होतंय तोवर मनात आलं, आत अजून एक दार असेल.

दुसऱ्या दिवशी ते पुन्हा वर गेले. पुन्हा नाही, पुन्हा नाही, असं पायरीपायरीला म्हणत गेले.

ह्या वेळी ते आत शिरले. पडदे ओढलेले होते. औषधांचा वास येत होता. आतल्या खोलीत कपाट दिसलं, आणि त्याच वेळी कॉटवरून एक घाबरलेला आवाज आला.

"कोण आहे? कोण आहे तिकडे?"

नर्सची आई. चार-सहा दिवसांपूर्वीच लेकीकडे राहायला आलेली. अप्पांना पत्ता नव्हता. म्हातारीनं चादर गळ्याशी घट्ट धरली होती, उठायचा प्रयत्न करत होती आणि उठता येत नव्हतं. तिचे डोळे अप्पांच्या हातातल्या हुकावर खिळले होते.

पळून जावंसं वाटलं. "मी... मावशी, मी अप्पा. जिन्याखालचा किल्लीवाला."

म्हातारीनं निःश्वास सोडला. "मेलं, जीव गेला ना माझा! तुम्ही होय! लेक सांगत असते तुमचं. तिनंच पाठवलं का? कपाट अडकतंय म्हणत होती खरी."

ह्या घडीला नाही म्हणून, माफी मागून बाहेर पडता आलं असतं. अप्पांना ते कळत होतं. त्यांचं सगळं अंग नाही म्हणत होतं.

"हो," ते म्हणाले. "तिनंच पाठवलं."

आणि त्यांनी कपाट उघडलं. म्हातारी त्यांना पाण्याचा तांब्या कुठे आहे ते सांगत होती, त्यांच्या तब्येतीची चौकशी करत होती, आणि अप्पा घामानं भिजून, दात आवळून कुलपातून हूक फिरवत होते. आत घड्या घातलेले कपडे होते. त्यांनी एकालाही हात लावला नाही. कपाट बंद केलं आणि पुन्हा उघडलं. पुन्हा बंद केलं. म्हातारी बोलायची थांबली तेव्हा त्यांना भान आलं. ती पुन्हा चादर गळ्याशी धरून त्यांच्याकडे बघत होती.

संध्याकाळी नर्स खाली आली. गणवेशसुद्धा बदलला नव्हता. दार अप्पांच्या बायकोनं उघडलं.

"अप्पा, मी तुम्हाला पाठवलं नव्हतं," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "माझ्या घरात काय करत होता तुम्ही?"

"ताई, मी काही घेतलं नाही. देवाशप्पथ."

"माहीत आहे. सगळं जागच्या जागी आहे. म्हणून तर जास्त भीती वाटते मला. चोर असता तर निदान काय हवं होतं ते कळलं असतं. पुन्हा वर दिसलात तर पोलिसांना बोलावीन."

ती गेल्यावर बायको दाराला टेकून उभी राहिली.

"तुम्ही दुसऱ्याच्या घरात शिरलात?"

"माझं मला थांबवता येत नाही गं," अप्पा म्हणाले आणि रडायला लागले. "आत गेलो तेव्हा मी ओरडत होतो, नको म्हणून. माझंच कुणी ऐकलं नाही."

त्यांनी हत्यारं तिच्या हवाली केली, सगळी. तिनं ती बहिणीकडे नेऊन ठेवली. ती परत आली तेव्हा अप्पा खिडकीशी उभे होते आणि तिच्या केसांतली पिन कानशीवर घासत होते. कानस त्यांनी कधी मागे ठेवून घेतली, हे त्यांनाच आठवत नव्हतं. तिनं किंकाळी फोडली नाही. हातातली पिशवी खाली ठेवली आणि हळूच त्यांच्या बोटांतून पिन काढून घेतली. ती आपल्याला घाबरते आहे, हे अप्पांना तिच्या त्या हळू हालचालीवरून कळलं.

मग ती दोघं डॉक्टरीणबाईंकडे गेली. हात छान, चाल छान, असं म्हणत डॉक्टरीणबाई डोस आणखी वाढवण्याबद्दल बोलायला लागल्या. तेव्हा बायकोला राहवलं नाही. "डॉक्टर, हात छान आहेत, पण ते ह्यांचे राहिले नाहीत," असं म्हणून तिनं सगळं सांगून टाकलं.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं.

"अप्पा, उघडल्यावर आनंद होतो का?"

"पूर्वी व्हायचा. आता नाही होत. नुसतं हवं असतं."

"ही गोळी काही जणांत असं करते. डोपामीन फक्त शरीर हलवत नाही. हवं, अजून हवं, ही ओढही तेच लावतं. आवडणं संपलं तरी ओढ मागे राहते. कुणाला जुगाराची लागते, कुणाला खाण्याची. तुम्हाला जे आयुष्यभर येत होतं त्याचीच लागली." त्यांनी फाइल मिटून बाजूला ठेवली. "हे मी दर वेळी विचारायला हवं होतं. मी फक्त हातच बघत राहिले."

"म्हणजे मी चोर नाही?"

"नाही."

"मग गोळी आजच बंद करा."

"एकदम बंद करता येत नाही, ते धोक्याचं आहे. हळूहळू उतरवू, दुसरं औषध देऊ. पण थरथर परत येईल. पूर्वीइतकी कदाचित नाही, पण येईल."

अप्पांनी आपल्या स्थिर हातांकडे पाहिलं. ह्या हातांना ते घाबरत होते, आणि हे हात जाणार ह्यालाही.

"येऊ दे," ते म्हणाले.

ते दिवस वाईट गेले. गोळी कमी झाली तशी उगाच धाप लागायची, छातीत धडधडायचं, दिवसाउजेडी कुणीतरी मागे उभं आहे असं वाटायचं. अप्पा बायकोला म्हणायचे, "मला बाहेरून कडी घाल." ती घालायची नाही, शेजारी बसून राहायची. एका सकाळी जिना उतरताना अप्पांच्या लक्षात आलं, की आपण तीन दारं ओलांडून आलो आणि एकाही कुलपाकडे पाहिलं नाही. ते तिथेच पायरीवर बसले. अंगठा थरथरत होता.

नर्सनं त्यांची माफी साखळी लावलेल्या दाराच्या फटीतून ऐकून घेतली. बायकोनं डॉक्टरीणबाईंचं म्हणणं सांगितलं. "मी स्वतः दवाखान्यात काम करते," नर्स म्हणाली, "मला कळतं. पण आई अजून दचकून उठते." आतून म्हातारीनं विचारलं, "कोण आहे गं?" "कुणी नाही," असं सांगून तिनं दार लावून घेतलं. दाराला आता नवीन, भक्कम लॅच होतं.

दुकानात हल्ली बायको बसते. किल्ल्या कापायचं यंत्र ती चालवते; अप्पा बाहेर स्टुलावर बसून सांगतात, "जरा डावीकडे. घासू नकोस, नुसतं टेकव." कुलूप उघडायचं काम आलं की ते परत पाठवतात. कधी एखादं जुनं, सुरेख कुलूप समोर येतं आणि अप्पांना त्याच्याकडे बघत राहावंसं वाटतं. हे वाटणं आयुष्यभराच्या कामाचं की त्या ओढीचं, हे त्यांना अजूनही ओळखता येत नाही. अशा वेळी ते थरथरता हात मांडीखाली दाबून धरतात आणि म्हणतात, "अगं, जरा माझ्याशी बोल."

ती यंत्र बंद करते आणि बोलायला लागते.