तवंदी घाटात बंद पडलेली गाडी

हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही. आणि मी कोण — तर बारशापासून बाराव्यापर्यंत, चार पाहुणे जमले की गोष्टी सांगत बसणारा माणूस. न सांगता उरलेलं माझ्याकडं एवढंच आहे. लपवायचासुद्धा कंटाळा येतो हो, एका वयानंतर.

आमच्या घराण्यात माझी एक गोष्ट फार चालते. सुनंदानं — माझ्या बायकोनं — तवंदी घाटात तीनदा गाडी बंद पाडली, ती. मागच्या सीटवर आमची थोरली आक्का रामरक्षा म्हणतेय, मागं ट्रकांचे हॉर्न, आणि शेवटी जागा बदलून मी बसलो तर गाडी एका किल्लीत चालू. आक्काचा आवाज मी हुबेहूब काढतो — "आरं, तुझ्या हाताला गुण हाय बघ." लोक पोट धरून हसतात. सुनंदाही हसायची. पहिल्या एक-दोन वेळा.

बेचाळिसाव्या वर्षी गाडी शिकली होती ती. शहापुरातून उचगावच्या शाळेत स्वतः चालवत जायची, बरोबरच्या दोन शिक्षिकांना घेऊन. तिची ती ऐट — खरं सांगू? — मला जरा बोचायची. मला रिव्हर्स अजून धड जमत नाही.

घाटानंतर पंधरा दिवसांनी मी एकटाच कोल्हापूरहून येत होतो. निपाणीच्या अलीकडं गाडी बंद पडली. हिसका नाही, धक्का नाही — इंजिनाचा काटा सरळ शून्यावर. निपाणीतल्या मिस्त्रीनं बॉनेट उघडलं, इंजिन फिरतंय की नाही हे कळवणारा एक बोटभर सेन्सर शोधला, त्यावर बाटलीतलं गार पाणी ओतलं आणि किल्ली मारली. चालू.

"तापला की मरतोय ह्यो, गार झाला की जित्ता," तो म्हणाला. "क्लच चुकला तर गाडी हिसका देती, अण्णा. ह्यात चालवणाऱ्याची चूक न्हाय."

म्हणजे माझ्या हाताला गुण-बिण काही नव्हता. आमची जागा बदलेपर्यंत सेन्सर गार झाला होता, एवढंच.

सेन्सर बदलला. घरी येईपर्यंत सुनंदाला काय सांगायचं ते वाक्य जुळवत होतो — खरंच जुळवत होतो. पण घरात आक्काच्या सासरची माणसं बसलेली, आणि दारातच फर्माईश, "ते घाटाचं सांग की रं." मी काय केलं असेल? सांगितलं. त्या दिवशी तर शिव्या देणारा एक ट्रकवाला नवीन घातला. सगळ्यांत जास्त तोच चालला.

दुसऱ्या दिवशी सुनंदानं किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. "माझ्याबरोबर दोघी असतात. उगं कुणाचा जीव जायला नको," म्हणाली आणि बसनं गेली. आठ वर्षं बसनंच जाते. गाडी नंतर एकदाही बंद पडली नाही. त्याचंही कौतुक मीच करून घेतलं.

गेल्या महिन्यात तिला पन्नास पूर्ण झाली, लायसनची मुदत संपली. पोरगी म्हणाली, "आई, चल, नवं करून घेऊ."

"ऱ्हाऊ दे गं," ती भाकरी थापत म्हणाली. "माझ्या हातात चालती गाडी बंद पडतीया."

मी तिथंच ताटावर बसलो होतो. एका वाक्याचं काम होतं. आमटीत मीठ कमी आहे, म्हणालो.