काकांना नाटक वाटलेला आजार

माझी धाकटी बहीण नागझिऱ्याच्या जंगलात गाईड आहे. झुडपातून नुसता आवाज आला तरी ती पाखराचं नाव सांगायची. एका सकाळी जिप्सीत पर्यटक बसलेले असताना तिला समोरच्या मोराचं नाव आठवेना. आठवडाभरात ती मलाही ओळखेना. झोप उडाली, भिंतीशी बोलणं सुरू झालं, तोंड आपोआप वेडंवाकडं व्हायला लागलं.

वडील गेल्यापासून आमच्या घरातले निर्णय काका घेत. त्यांची गोंदियात राईस मिल आहे, आणि तांदळातलं कळतं म्हणजे जगातलं सगळं कळतं अशी त्यांची पक्की समजूत. बहिणीसाठी नुकतंच त्यांनी एक स्थळ आणलं होतं, त्यामुळे निदानही तयारच होतं.

"पोरगी नाटक करून राहिली," ते म्हणाले. "लगन नाही करायचं ना तिले."

आमच्या फुलचूरच्या घरात मागच्या खोलीत त्यांनी तिला कोंडलं. नाटक लांबलं तसा त्यांनी एक बाबा आणला. त्यानं मिरच्यांची धुरी दिली आणि हा इतका मोठा व्यापारी दाराशी हात जोडून उभा राहिला. शेजारचे लोक बाहेरची बाधा आहे म्हणत आमचाच चहा पीत बसले. धुरीत तिला फिट आली. हातपाय ताठ झाले, तोंडाला फेस आला. काका समाधानानं म्हणाले, उतरलं आता.

मी गाडी बोलावली आणि कोणालाही न विचारता तिला नागपूरला नेलं.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पाठीच्या कण्यातलं पाणी तपासलं आणि मला नीट समजावून सांगितलं. मेंदूच्या पेशी जिथे एकमेकींना निरोप देतात, तिथे ते निरोप झेलणारे रिसेप्टर असतात. दोन पेशी एकदम जाग्या झाल्या की त्यातले काही उघडतात आणि त्या दोघींमधला दुवा बळकट होतो. आपण शिकतो, लक्षात ठेवतो ते या दुव्यांच्या जोरावर. बहिणीच्या शरीरानंच तयार केलेल्या अँटीबॉडी त्या रिसेप्टरांना चिकटत होत्या आणि पेशी ते रिसेप्टर आत ओढून घेत होत्या. नवीन काही टिकायला जागाच उरली नव्हती.

"पेशी मेलेल्या नाहीत," त्या म्हणाल्या. "उपचार झाले की रिसेप्टर परत वर येतील. पण वेळ लागेल."

वेळ लागलाच. ती बरी झाली, पण आजारातलं काहीच तिच्या डोक्यात उरलं नाही. ही बातमी काकांना फार सोयीची वाटली असावी. एका लग्नात ते पाहुण्यांना सांगत होते की नागपूरला न्यायचं त्यांनीच सुचवलं. नंतर पेढे घेऊन घरी आले आणि झालं गेलं विसरून जा म्हणाले.

"मले तं काहीच आठवत नाही, काका," बहीण शांतपणे म्हणाली. "ताईनं सांगतलं, कोंडलं होतं म्हणून. धुरीचंही सांगतलं."

काकांनी बशीतला चहा संपवला आणि मिलवर जायची वेळ झाली म्हणाले. माफी मागायला लागते तेवढी हिंमतही त्या माणसात नव्हती. पेढे मी गायीला घातले.

बहीण मात्र त्यांच्यावर डोकं शिणवत नाही. रोज सकाळी ती चोरखमाऱ्याच्या तलावाच्या पाळीवर जाऊन पाखरांचे आवाज ओळखत बसते. काल शिकलेली नावं आज चुकतात, पुढच्या आठवड्यात बरोबर येतात. परवा तिनं हळद्या पक्षी पहिल्याच शिळेला ओळखला आणि मला फोन करून सांगितलं.