उठायचं न्हाई

बोलण्याआधी सिस्टर हाताची उलटी बाजू समोरच्याच्या मानेला लावायच्या. खुशाली, चहापाणी नंतर. "ताप न्हाई. आता बोल." सरकारी दवाखान्यातून निवृत्त होऊन त्या जळकोटला आमच्या शेजारी राहायच्या. अशी बाई तुम्हीही पाहिली असेल. गल्ली तिला घाबरते, आणि अडलं की तिचंच दार वाजवते.

धाकटी आठ महिन्यांची असताना मला पुन्हा दिवस राहिले. मी आणि नवऱ्यानं विचार करून ठरवलं, हे मूल नको. उदगीरला डॉक्टरीणबाईंनी तपासून गोळ्या दिल्या. सासूबाईंना आम्ही पाळीचा त्रास म्हणून सांगितलं. नवरा लातूरला कामावर गेला.

सिस्टरांनी माझ्या चालण्यावरूनच ओळखलं.

"किती आठवडे?"

"सात."

"का केलंस ते मी इचारत न्हाई. ताप, घाण वास, पोटात लई दुखणं, यातलं काही झालं तर सांग. तासाला दोन पॅड भिजले अन् दोन तास तसंच चाललं, तर लगेच हाक मार. लाजत बसू नको. अन् पडून राहा. उठायचं न्हाई."

सहाव्या दिवशी नळाला पाणी आलं. आमच्याकडे ते आठ-दहा दिवसांनी येतं. घरात कुणी बसून राहत नाही. मी घागरी भरल्या. दुपारी रक्त वाढलं. पहिल्या तासात दोन पॅड, दुसऱ्यात तीन. डोळ्यांपुढं अंधारी आली तेव्हा भिंत वाजवून सिस्टरांना बोलावलं.

त्या रिक्षा घेऊनच आल्या. सासूबाई दारात आडव्या झाल्या. "पाळीला कुणी दवाखान्यात नेतंय व्हय? चार लोक बघतील."

सिस्टरांनी माझ्याकडं पाहिलं. सांगायचं मलाच होतं.

"आत्याबाई, पाळी न्हाई. दिवस गेले होते. गोळ्या घेतल्या."

 सासूबाईंनी धाकटीला माझ्या कडेवरून ओढून घेतलं आणि बाजूला सरकल्या.

उदगीरपर्यंत सिस्टरांनी माझं मनगट सोडलं नाही. "पोरींची नावं सांग."

"तुमाला म्हाईत हायत की."

"तरी सांग. झोपू नको."

आत थोडा भाग राहिला होता. पिशवी साफ केली, रक्ताची एक बाटली चढवली. घागरींमुळं झालं का, असं मी विचारलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नाही. असं कधी कधी होतं. वेळेत आलात."

दुसऱ्या दिवशी घरी आले. सिस्टर रोज यायच्या, ताप बघायच्या, लोहाच्या गोळ्या समोर उभं राहून गिळायला लावायच्या. एकदा मला उगाच रडू कोसळलं. त्या म्हणाल्या, "रडू आलं म्हणजे चुकलं असं न्हाई. रड, मग जेव."

सासूबाई चार दिवस ताट ठेवून लगेच वळायच्या. पाचव्या दिवशी अळिवाची खीर पुढं ठेवली. "माझा गर्भ पडला होता तवा तिसऱ्या दिवशी शेतात गेले मी," एवढंच म्हणाल्या. पुढचं पाणी त्यांनीच भरलं.

गेल्या वर्षी सिस्टर लेकीकडं नांदेडला राहायला गेल्या. मी आणि सासूबाई स्टँडवर सोडायला गेलो होतो. गाडी हलली तशी त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"रक्त तपासून घे गं! अंगावर काढू नको!"

सगळा स्टँड आमच्याकडं वळून बघायला लागला.  सासूबाई पदर सावरत गाडीमागं चार पावलं धावल्या आणि ओरडल्या, "मी नेते तिला! तुमी जावा बिनघोर!"