रडायची बंदी

आमच्या तालमीत रडायला बंदी होती, आणि ती मीच घातली होती.

तेलगावच्या आमच्या वस्तादांचे गुडघे धरले होते, म्हणून लहान पोरं त्यांनी माझ्या हवाली केली होती. मी तेव्हा बाविशीतला. पोराच्या डोळ्यांत पाणी दिसलं की मी म्हणायचो, "जा मायच्या पदराखाली. हितं पुन्हा यायचं न्हाई." बाकीची हसायची. रडणारं पोर नाक पुसून परत मातीत उतरायचं. मला वाटायचं, मी त्यांना घडवतोय.

माझा धाकटा भाऊ त्यांतलाच एक, दहा वर्षांचा. एकदा मला शेतातून यायला उशीर झाला. कुस्तीआधी हौदातली माती खोऱ्यानं उकरून भुसभुशीत करायची, हा तालमीचा पहिला नेम. त्या दिवशी मी म्हणालो, "ऱ्हाऊ द्या आज. अंधार पडायच्या आत एकेक पकड होऊन जाऊ द्या." भावाला अंगानं दुप्पट असलेल्या पोराशी लावलं. पडताना त्यानं हात टेकला आणि कोपरातून कडकन आवाज आला. तो ओरडला नाही. नुसता माझ्याकडे बघत राहिला.

गावात हाड बसवणारे एक म्हातारे होते. त्यांनी हात ओढून बसवला, लेप लावला, बांबूच्या कांबट्या घालून पट्टी आवळली. निघताना मला बाजूला घेऊन म्हणाले, "पैलवान, बोटं बघत जा. गार लागली, नखं निळी पडली, की पट्टी ढिली करायची. माझी वाट बघायची न्हाई. अन् पोराला इचारत जा."

मी विचारलं. पण कसं विचारलं! तालमीतली पोरं त्याला बघायला आली होती, त्यांच्यासमोर.

"दुखतंय का बे?"

त्यानं पोरांकडे पाहिलं. "न्हाई."

"बघा! ह्याला म्हणत्यात पैलवान," मी म्हणालो. तो हसला. ते हसू मला आजही दिसतं. दुसऱ्या दिवशीही असंच झालं. हात त्यानं गोधडीत घातलेला असायचा, आणि ती बाजूला करून बोटं बघायचं मला सुचलं नाही. शाबासकी देऊन मी कामाला निघून गेलो.

तिसऱ्या दिवशी मायनं त्याच्या हातात भाकरी दिली, ती खाली पडली. बोटं मिटतच नव्हती. नखं जांभळी झाली होती. पट्टी सोडली तेव्हा कातडीत कांबट्यांचे वळ खोल रुतलेले होते. लगेच गाडी जुंपली, बीडच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथले डॉक्टर चिडले. "इत्ती देर कायकू करे? बच्चा कुछ बोल्या नई?"

भावानंच उत्तर दिलं, माझी बाजू घेऊन: "दादाची काई चुकी न्हाई. मीच न्हाई सांगितलं."

हात वाचला, पण बोटं पुढे हळूहळू आत वळली ती वळलीच. त्या हातात पुढे कधी नांगराची मूठ बसली नाही. मायनं मला कधी बोल लावला नाही. भावानंही नाही. बोल लावला असता तर बरं झालं असतं, असं अनेकदा वाटलं.

तालीम सोडावी असं मनात आलं होतं. सोडली नाही. तेव्हापासून माती मी स्वतः उकरतो, खडे वेचतो, पोरांच्या जोड्या अंग-वजन बघून लावतो. आणि नवा नेम केला: दुखलं की पोरानं हातानं माती थोपटायची, कुस्ती तिथंच थांबते. अशा पोराला हसणाऱ्याला त्या दिवशी कुस्ती नाही.

गेल्या वर्षी भाऊ स्वतःच्या मुलाला तालमीत घेऊन आला. मी म्हणालो, "कावून आणलास? दुसरं काई खेळू दे की."

"लई हट्ट करतोय, दादा. अन् तुमी हायत की."

चौथ्या-पाचव्या दिवशी पोर मनगटावर पडलं. माती थोपटायचं सोडून ओठ दाबून ते उठलं. मी जवळ जाऊन गुडघ्यावर बसलो. भाऊ हौदाच्या कडेला उभा होता. तिथूनच तो मुलाला म्हणाला, "सांग की काकाला. दुखतंय म्हन."

पोर मोठ्यानं रडायला लागलं. मी त्याची बोटं हातात घेतली. एकेक मिटवून पाहिलं. गरम होती.