जिवानं लिहिलेला थकव्याचा नियम

तुम्ही एका दुपारात किती वेळा मेला आहात? सूर्यमाळच्या अंगाला एका पाड्यावर राहणारा जिवा तीन वेळा मेला. एकदा उन्हानं, एकदा घसरून आणि एकदा स्वतःच लिहिलेल्या नियमानं. पहिली दोन मरणं त्यानं हसत घेतली. तिसरं अजून पचलेलं नाही.

जिवा म्हणजे सातवी नापास आणि कायद्याचा पंडित. शासन निर्णय वाचून वाचून शिकला आणि जे शिकला ते मोखाड्याच्या कचेऱ्यांत ओरडून ऐकवलं. तो दारात दिसला की साहेब लोकांना चहाची तल्लफ येते. हा आपला दरारा, असं तो समजतो. त्याची बायको फागी म्हणते, कटकटीला कंटाळूनसुद्धा माणसं उठून जातात.

खेळ त्याला जव्हारला सापडला. पुतणी सपना तिथं कॉलेजात शिकते. तिच्या खोलीवर पोरी कागद-फासे घेऊन बसल्या होत्या. एकीनं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी गोष्टीतली माणसं व्हायचं, जमलं की फसलं ते फासा ठरवणार. रानात वाट चुकली, पाणी संपलं, की अंगावर थकव्याची एक पायरी चढते. विश्रांती घेतली की एक उतरते. सहाव्या पायरीला माणूस मेला.

जिवाच्या डोक्यात उजेड पडला. अर्जानं साहेबाला घाम फुटत नाही. त्याला पाड्यावरची बाई करून मे महिन्यात पाण्याला धाडला पाहिजे. खुर्चीत बसल्या बसल्या मेला की शुद्धीवर येईल.

यंदा पाड्याला पंचायतीकडून एकच छोटं बांधकाम मिळणार होतं आणि ते ठरवायला ग्रामसेवक मंगळवारी येणार होता. जिवाचा अर्ज तयार होता: विहिरीच्या चढणीवर सिमेंटचा बाक, बायांना दम खायला. बाकाच्या पाठीवर नाव घालायला जागा असते, हेही त्यानं हेरलं होतं. पाणी आणणाऱ्या बायांना विचारावं, एवढं मात्र सुचलं नव्हतं. दोनशे पानी वहीत त्यानं ऊन, तहान, साप, विंचू, घसरण, सगळ्यांचे नियम लिहून काढले.

सोमवारी ओसरीवर चाचणी झाली. गोष्ट सांगायला जव्हारहून बोलावलेली सपना, खेळायला फागी आणि शेजारची पोशी. जिवा स्वतः बाई झाला. दोनदा मरून तिसऱ्या डावात तो दोन भरले हंडे डोक्यावर घेऊन दुसऱ्या वळणापर्यंत पोचला. थकवा चौथ्या पायरीवर. त्यानं ऐटीत सांगितलं, हंडे खाली ठेवले, बसले, नियम सातवा, एक पायरी उतरवा.

फागीनं विचारलं, "आता उचलून देणार कोण?"

"मीच घेईन."

"भरलेले दोन? एकटी?"

नियम मी लिहिलाय, असं जिवा तडकून म्हणाला. पाणी कोण आणतं, असं फागीनं विचारलं. सपनानं निवाडा फाशावर सोपवला. एक पडला. हंडे लवंडले, पुन्हा खाली विहीर, पुन्हा चढण, सहावी पायरी.

हे मरण जिवाला नामंजूर. घरातले खरेच हंडे उचलून तो तणतणत विहिरीवर गेला. एका बाईनं ते भरून डोक्यावर चढवून दिले. डोक्यावर वजन असलं की हळू चालताच येत नाही, मान ओरडते, पाय आपोआप पळतात. हे वहीत नव्हतं. दुसऱ्या वळणावर त्यानं कसेबसे हंडे उतरवले आणि बसला. दम खाल्ला. नियमाप्रमाणे पायरी उतरली. मग उठून हंडे उचलायला गेला, तर गुडघ्याच्या वर येईनात. वर चढणाऱ्या बाया बाजूनं जात होत्या, पण त्यांचीच डोकी भरलेली, वाकणार कोण? तासभर तो दोन हंड्यांची राखण करत उभा राहिला.

शेवटी रिकामे हंडे घेऊन पोशी खाली उतरली. उभी राहून तिनं त्याला नीट न्याहाळलं.

"वाच ना नियम, जिवाभाऊ. आपोआप चढतील."

मग तिनं हंडे डोक्यावर दिले. घरापर्यंत तो तिला मनातल्या मनात शिव्या देत गेला, कारण तोंड फिरवलं असतं तर पाणी सांडलं असतं.

त्या संध्याकाळी सातवा नियम खोडला गेला. नवा फागीनं सांगितला, जिवानं फक्त लिहिला: भरल्या डोक्यानं एकटीला बसता येत नाही, उचलून द्यायला दुसरं माणूस हवं, नाहीतर छातीएवढा ओटा, ज्यावर हंडे सरकवून टेकवता येतील आणि तसेच परत घेता येतील. बाकाचा अर्ज फागीनं चुलीत घातला.

मंगळवारी ग्रामसेवक खेळला. माणूस बरा होता. तिसऱ्या वळणावर मेला आणि खरंच घाम पुसला. पण म्हणाला, असा ओटा कामांच्या यादीत बसत नाही, बाक बसतो. जिवा उसळला. फागीनं त्याला हातानं खाली बसवला.

"भाऊसाहेब, बाकच छातीएवढा उंच करून देता का?"

मापं ठरलेली असतात, असं तो ओशाळून म्हणाला. मग बाक नको, असं फागीनं स्पष्ट सांगितलं. पोशीनं मान डोलावली. यंदाचं काम गेलं.

जिवानं दुसऱ्याच दिवशी दगड रचायला घेतले. चार दिवस राबून पहिल्या वळणावर ओटा उभा केला आणि फागीला बोलावलं. ती येऊन उभी राहिली. ओटा तिच्या नाकाला लागला. पठ्ठ्यानं स्वतःच्या छातीचं माप घेतलं होतं, आणि फागी त्याच्या खांद्यालाही पुरत नाही. जमलेल्या बायांच्या देखत त्याला वरचे थर उतरवावे लागले.

आता पहिला ओटा बरोबर आहे. रोज हंडे टेकतात. दोन वळणं राहिली आहेत आणि दगड खाली ओहळात आहेत. तुम्ही कधी त्या चढणीनं वर याल, तेव्हा हात रिकामे असतील. ओहळातून एक चपटा दगड उचला आणि दुसऱ्या वळणावर ठेवून जा.