जोतं आणि मामांचा अंगठा

लिहिलेल्या शब्दावर माझ्या बायकोच्या मामांइतका अविश्वास असलेला माणूस अख्ख्या मावळात नसेल. पवनानगरला त्यांची थोडी शेती आहे आणि हातात भाच्यानं दिलेला फोन. त्यात काही शोधायचं तर ते टाइप करत नाहीत, बोलतही नाहीत. थेट फोटो काढतात आणि हे काय, असं फोनलाच विचारतात. "जावईबापू, नाव कुनी काय बी ठेवतंय. तोंड बगून वळकाय पायजे," हे ते मला, बातम्या लिहून पोट भरणाऱ्याला, ऐकवतात.

अडचण एकच. त्यांच्या प्रत्येक फोटोच्या उजव्या कोपऱ्यात त्यांचा अंगठा येतो. वांग्यावरच्या किडीचा फोटो काढला तेव्हा फोननं नखांच्या रोगावरची मलमं दाखवली. मामांनी कीड सोडून आठवडाभर अंगठ्याला तेल चोळलं. लोणावळ्यातल्या एका लग्नात त्यांनी ताटातल्या पनीरचा फोटो काढला, तर अंगाचे साबण आले. "तरीच म्हनलं, घशाखाली उतरंना का," असं यजमानांना ऐकू जाईल इतक्या आवाजात म्हणून त्यांनी ताट बाजूला सारलं. एकदा माझाच फोटो काढला. फोननं परराज्यातला कुणी बियाणं विकणारा पुढं केला. तेव्हापासून भेट झाली की माझ्याआधी त्याची चौकशी होते. "तुमचा जोडीदार बियानं इकून लय म्होरं गेला. तुमी बसा लिवत."

यंदाच्या उन्हाळ्यात धरणाचं पाणी बरंच उतरलं आणि गाळातून मामांच्या जुन्या घराचं दगडी जोतं वर आलं. धरणासाठी गाव उठलं तेव्हा ते लहान होते, आणि घराचा एकही फोटो कुणाकडे नाही. ते मला तिथं घेऊन गेले. जोत्यावर चढून एकदा गोल फिरले, पुन्हा उलटे फिरले.

"दार कुटल्या अंगाला हुतं, त्येच आठवंना," ते म्हणाले. मग जोत्याचा फोटो काढून फोनला विचारलं. फोननं परदेशातले पडके किल्ले दाखवले आणि त्याखाली न्हाणीघराच्या फरश्या.

"माझं घर फरशीच्या दुकानात घातलं ह्यानं!"

"मामा, कुणी आधी नेटवर टाकलेलं असतं तेच तो दाखवतो."

"म्हंजे आमचं घर कुनी टाकलंच न्हाई?"

"नाही."

मग खाली उतरून त्यांनी जोत्याचे चारी बाजूंनी फोटो काढले आणि फोन माझ्या हातात दिला. "टाका."

"खाली काय लिहू?"

"काय बी नगा लिवू. आमच्या गावचा कुनी शोदत आला तर बगून वळकंल. दार कुटं हुतं, सांगंल."

"कोपऱ्यातला अंगठा कापू?"

"कापा की. मंग नवा उगवायला तुमच्या जोडीदाराकडनं बी मागवा."

मी कापला नाही.

जोतं आता पुन्हा पाण्याखाली आहे. परवा काठावरच्या दगडांचा फोटो काढून मी सहज शोधून पाहिलं. किल्ले आले, फरश्या आल्या आणि त्यांच्या मधोमध ते जोतं आलं. अंगठ्यावरून लगेच ओळखलं. खाली कुणी काही लिहिलंय का, ते पाहिलं. दार कुठल्या बाजूला होतं, हे अजून कुणी सांगितलेलं नाही.